टाकीवरचा नारळ

हे कुणाला खरं वाटणार नाही. बाराशे लिटर ॲसिडात चिमूटभर मीठ पडलं, तर मला ते दारातून कळत असे. चिमूटभर म्हणजे बांगड्याच्या एका तुकडीला लावतात त्याच्या निम्मं. डॉक्टरेट झालेले साहेब लोक नळ्या हलवून, यंत्राकडे डोळे बारीक करून तासाभराने जो आकडा सांगत, तो मी उंबऱ्यावर उभा राहून सांगे, तोंडाला पाणी किती सुटलं त्यावरून. माझी जीभ बघायला दिल्लीहून पथक आलं होतं. त्यातल्या एकाने फूटपट्टी आणली होती. रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर, जनीच्या चहाच्या गाडीपाशी, कठड्याचा गिलावा जिथे उडाला आहे तिथे बसून मी हे इतकी वर्षं सांगत आलो आहे की फूटपट्टी आता जनी माझ्याआधी म्हणते. पण तिने मला कधी खोटं म्हटलेलं नाही. "मग काय झालं, काका?" एवढंच. गाळणं आपटता आपटता, मान वर न करता. मला ती त्यासाठीच आवडते, नाहीतर तिचा चहा गोडमिट्ट असतो.

परवा संध्याकाळी तिथे गेलो तर माझ्या जागेवर रघू बसला होता. चपला काढून बाजूला जोडीने ठेवलेल्या, दोन्ही हात मांडीवर. हा माणूस धक्क्यावरसुद्धा देवळात आल्यासारखा बसतो. मी त्याला पाठीवरून ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर माझ्या टाळूला कोरड पडली, जशी पूर्वी कारखान्यातल्या ॲसिडाच्या खोलीत शिरताना पडायची. हर्णैहून इथे यायचं म्हणजे एस.टी.त हाडं खिळखिळी होतात; या वयात उगाच कोणी येत नाही. त्याच्या शेजारी एक मुलगी होती, विशीतली, केस घट्ट बांधलेली, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जसं आपण बाजारात शिळ्या माशाच्या डोळ्यात बघतो. मला परत फिरता आलं असतं. पण जनीने हाक मारली, "काका, तुमचे पाव्हणे!" आणि रिक्षा लावून उभ्या असलेल्या हर्षदने लगेच खिशातून मोबाईल काढला. त्या मोबाईलनेच हे सगळं ओढवलं होतं. गेल्या महिन्यात त्याने माझी गोष्ट चित्रित करून कुठेतरी टाकली, ती कुठल्या कुठे गेली, आणि मग अनोळखी पोरं मला रस्त्यात थांबवून विचारू लागली, "नारळवाला रघू खरा आहे का हो?" खरा आहे. हर्णैचा आहे. बसला आहे बघा माझ्या जागेवर.

कारखान्याचं नाव मी सांगत नाही. तिथे जुन्या मालातून कामाचा धातू परत काढायचा. जुना माल म्हणजे अणुभट्टीच्या धंद्यातलं भंगार: कापलेले तुकडे, राख, भुकटी, मिठाच्या रसात वितळवून गोठवलेली ढेकळं. ते सगळं नायट्रिक ॲसिडात विरघळवायचं. ॲसिडाचं आणि स्टेनलेस स्टीलचं बरं जमतं, वर्षानुवर्षं टाकी तक्रार करत नाही. पण त्यात मिठातला क्लोराईड शिरला की संपलं. तो लोखंडी गजावर चढतो तसा सगळीकडून गंज चढवत नाही. एक जागा धरतो. वरून मोहरीएवढं छिद्र आणि आत अंगठा जाईल एवढी पोकळी, बाकी भांडं आरशासारखं. म्हणून धातूच्या आधी क्लोराईड काढायचा, आणि तो काढायला मी होतो. काचेच्या बंद पेटीत भिंतीतून आत गेलेले जाड रबरी हातमोजे, त्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि सिल्व्हर नायट्रेटचं पाणी थेंब थेंब सोडायचं. थेंब पडला की स्वच्छ पाण्यात एकदम पांढरं फुटायचं, दुधात लिंबू पिळल्यासारखं, आणि त्याचं दही होऊन तळाशी बसायचं. चांदीने मीठ धरलं. गाळायचं. वरच्या निवळीत पुन्हा थेंब. पुन्हा फुटलं तर पुन्हा गाळायचं. फुटेनासं होईपर्यंत. थेंब पडतो आणि काहीच होत नाही, तो क्षण मला फार आवडायचा. तसं निवळ काहीच पुढे आयुष्यात मला बघायला मिळालं नाही. मोज्यात घाम साचायचा, मनगटावरून कोपराकडे ओघळायचा, आणि मी विचार करायचो की काचेच्या आत मी मिठाच्या कणाकणाला धरतो आहे आणि बाहेर माझ्या अंगातून पावशेर मीठ वाहतं आहे. रत्नागिरीचा माणूस. ज्याच्या घराच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने दर दोन वर्षांनी गळून पडतात, तो.

"सद्या, बस ना," रघू म्हणाला आणि सरकला. सरकून त्याने मला माझीच जागा दिली, अर्धी. हेच त्याचं. हेच मला सोसत नाही. भांडायला येतो तो माणूस परवडला, हा सरकतो. वसतिगृहात खालची खाट मला दिली, बुरोंडीचं गोदाचं स्थळ मला यानेच आणलं, लग्नात माझ्या बाजूने पंगतीत वाढायला हाच. आणि पुढे दर दिवाळीला हर्णैचे सोडे, सुकवलेली कोळंबी, घेऊन दारात. गोदा त्या सोड्यांचं कालवण करायची, मी एक घास घेऊन ताट सरकवायचो. मीठ जास्त आहे म्हणायचो. ती पदराने हात पुसायची आणि माझ्याकडे बघायची. ती गेल्यापासून सोडेही थांबले. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"ही सानिका. माझ्या थोरल्याची," रघू म्हणाला.

मुलगी नमस्काराला वाकली नाही. म्हणाली, "सदूआजोबा, मला तुमच्याच कारखान्यात घेतलंय. तुमच्याच विभागात. क्लोराईडचंच काम आहे, आता पद्धत वेगळी आहे, पण तेच."

"वा," मी म्हणालो. "मग जीभ दाखव बघू."

हर्षद हसला. ती हसली नाही. "आजोबा मला जाऊ देत नाहीत. म्हणतात, तिथे आपलं नाव खराब आहे. जन्मभर विचारलं, काय केलं होतं तुम्ही, तर गप्प. आणि मग मला ते माझ्या मैत्रिणीच्या फोनवर बघायला मिळालं. तुम्ही सांगताय आणि सगळे हसतायत."

"सानिका," रघू म्हणाला, एवढंच, आणि जनीकडे वळून, "बाय, दोन कट दे गो. एक बिनसाखरेचा, ह्याला."

माझी साखर त्याला कोणी सांगितली? मी जनीकडे बघितलं, तिने गाळण्याकडे. समुद्रावर एक पर्यटकांची फटफटी बोट उगाच गोल गोल फिरत होती आणि तिचा धूर इकडे येत होता. माझ्या मनात आलं, रघू काही बोलणार नाही. तो तेव्हा बोलला नाही, आज कशाला बोलेल? आणि तो बोलणार नाही हे मला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे, आणि तरी तो चहा मागवतो. असल्या माणसाने तुमच्या शेजारी बसावं आणि तुमच्या पोलादाला मोहरीएवढं छिद्र पडावं. मी ठरवलं, सांगायचंच. याच्या तोंडावर, याच्या नातीसमोर, हर्षदच्या मोबाईलसमोर. पूर्ण वाजवून.

"ऐक तर मग," मी म्हणालो. "खंडेनवमी होती. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. नारळ मात्र फाटकापाशी फोडायचे, आत आणायचे नाहीत, तसा हुकूम. आणि वरच्या माळ्यावर नव्या ॲसिडची नवीकोरी टाकी, तिचं भरायचं तोंड उघडं. सगळे खाली पेढे खातायत. तेवढ्यात तुझा आजोबा नारळ घेऊन शिडी चढला. डोक्यावर टोपी, कंबरेला गमछा, नारळ पोटाशी धरलेला, बाळंतिणीने पोर धरावं तसा. टाकीच्या काठावर आपटला फाडकन! अर्धं पाणी धोतरावर आणि अर्धं टाकीत!"

"धोतर कुठे असायचं कारखान्यात?" हर्षद म्हणाला.

"विजारीवर. मध्ये बोलू नको. आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं काय, तर 'बा महाराजा, मला फोरमन कर!'" मी थांबलो. इथे लोक नेहमी हसतात. हर्षद हसला. जनी म्हणाली, "मग काय झालं, काका?" रघू बशीत चहा ओतत होता, एक थेंब बाहेर जाऊ न देता.

मग काय झालं? मग शिमग्याच्या सुमारास एका भांड्याच्या जोडापाशी ओल दिसली. भांडं रिकामं करून, धुऊन, आतून दिवा लावून बघितलं तर छिद्रं. साहेबांची धावपळ. कोणीतरी माळ्याच्या जाळीखालून करवंटीचा तुकडा काढला, वाळून खडखडीत झालेला. आम्हाला रांगेत उभं केलं. मोठे साहेब तो तुकडा दोन बोटांत धरून एकेकापुढून फिरले. मला आठवतं, माझ्या पायजम्याची नाडी घट्ट झाली होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी गोदाला तिसरा महिना होता, लग्नानंतर किती वर्षांनी, आणि डॉक्टरणीने तिला खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. खाट कारखान्याच्या चाळीतली, दवाखाना कारखान्याचा. साहेब माझ्यापाशी येण्याच्या आधी रघू एक पाऊल पुढे झाला. "मी फोडला," म्हणाला. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, चाळीस माणसांच्या देखत. मग मी काय खोटं सांगतो? तो काढून टाकण्यातून वाचला, पण त्याला कपडे धुण्याच्या विभागात टाकलं, जिथे आतल्या माणसांचे झगे आणि मोजे धुतात. निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्याच्या बोटांची सालं निघायची. चाळीत समोरून आला की तो हात मागे घ्यायचा, मला दिसू नयेत म्हणून, आणि मला ते दिसायचेच. गोदाचं पोर काही राहिलं नाही. पुढच्याच महिन्यात गेलं. म्हणजे रघूचं ते पुढे होणं कुणाच्याच उपयोगाला आलं नाही, त्याच्याही नाही, माझ्याही नाही. ते नुसतं उरलं, माझ्या घरात, दर दिवाळीला कागदात बांधून येणारं.

"टाकी किती लिटरची?" सानिकाने विचारलं.

"बाराशे."

"एका नारळात पाणी किती? पाव लिटर, फार तर थोडं जास्त. त्यातलं निम्मं टाकीत. सगळं गेलं धरलं तरी क्लोराईड अर्धा ग्रॅम." ती बोटांवर मोजत नव्हती, हे आधीच करून आली होती. "बाराशे लिटरमध्ये अर्धा ग्रॅम. सदूआजोबा, पिण्याच्या पाण्यात याच्या कितीतरी पट असतो. त्याने भांड्याला छिद्र पडत नाही."

"आमच्या वेळचे नारळ मोठे असत," मी म्हणालो.

हर्षद पुन्हा हसला, पण या वेळी कोणाला, ते मला कळलं नाही.

"त्या वर्षी मिठातलं भंगार आलं होतं ना? तुम्हीच त्या फोनवरच्या गोष्टीत सांगता, ढेकळंच्या ढेकळं. क्लोराईड तिथून आला. चांदी कमी पडली असेल, किंवा कोणी थेंब लवकर थांबवले असतील. फुटायचं थांबलंय असं वाटलं असेल आणि गाळून पुढे सोडलं असेल." तिचा आवाज चढला नव्हता. "गाळायला कोण होतं?"

तिला माहीत होतं गाळायला कोण होतं. जगाला माहीत आहे. मीच सांगितलं आहे, फूटपट्टीसकट. माझे हात मला एकदम जड झाले, जणू मोज्यातच आहेत, आणि नाकात ते रबर आणि टाल्कम पावडर. त्या हिवाळ्यात मी थेंब सोडताना काय बघत होतो? पांढरं फुटतंय की नाही ते, की काचेत गोदाचा चेहरा? ती सकाळी ओकारीने अर्धी होऊन बसायची आणि तरी हसायची. मी लवकर घरी जायचो. सगळेच जातात. नाही, मी शेवटपर्यंत थांबत असे, निवळ होईपर्यंत, माझ्या हातून एक कण पुढे गेलेला नाही. दिल्लीची माणसं आली होती.

"म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे," सानिका म्हणाली, "की नारळ कोणी फोडलाच नाही. करवंटी काय, कावळाही आणून टाकतो. एक खोटं कारण पाहिजे होतं, ते मिळालं, आणि आजोबा साधे, ते अडकले. तुम्ही ह्यांच्या मोबाईलवर एवढंच सांगा. नारळ नव्हता. मला सोमवारी रुजू व्हायचंय. मला तिथे आजोबांचं नाव लावायचंय."

हर्षदने मोबाईल वर धरला. "सांगा काका. दोन वाक्यं. हे पण चालेल, बघा."

दोन वाक्यं. नारळ नव्हता. मुलीने मला स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं होतं, आणि रघू बशीवरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनंती होती. बोल आणि सुटू दे, सगळ्यांनाच. मला त्या डोळ्यांचा इतका संताप आला की कठडा हाताखाली ओला झाला. म्हणजे नारळ नव्हता. म्हणजे ती शिडी नव्हती, खालून येणारा पेढ्यांचा आणि झेंडूचा वास नव्हता, टाकीच्या तोंडातून येणारी ती नाकात झोंबणारी वाफ नव्हती, काठावर आपटताना मनगटात गेलेली कळ नव्हती. मीठवाल्या भंगारातून क्लोराईड आला आणि कोण्या आंधळ्याने तो पुढे सोडला, आणि देवाकडे कोणी काही मागितलंच नाही. ही कालची पोर अर्ध्या ग्रॅमचा हिशोब करून तो नारळ पुसून टाकणार.

"नव्हता?" मी उभा राहिलो. "नारळ नव्हता? शेंडी काढलेला होता, गो. बाजारातला नव्हे, घरून आणलेला, बुरोंडीच्या झाडाचा. एका फटक्यात फुटला, सरळ दोन भकलं. ते काय फोरमन होण्यासाठी असतं? तसं गाऱ्हाणं कोण घालेल? हसण्यावारी सांगतो मी ते. खरं ऐकायचंय? धर तो मोबाईल, हर्षद, नीट धर." आणि मी हात जोडले. गुरव जोडतो तसे, छातीच्या वर, आणि आवाज माझा राहिला नाही. "बा महाराजा, जागेच्या धन्या, राखणदारा! आज ह्या लेकराने तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय. परकी जागा आहे, लोखंडाची जागा आहे, काय चुकलं असेल ते पोटात घाल. दुसरं काय मागणं नाय. उपासतापास झाले, डॉक्टर झाले, लोक तोंडावर बोलतात ते ऐकून झालं. माझ्या गोदाची ओटी भर रे बाबा. मुलगा दे, मुलगी दे, काळं दे, गोरं दे. एकच दे, पण जगेल असं दे. तिच्याकडे मला बघवत नाय. होय महाराजा!"

हे सांगून झालं तेव्हा मला हलकं वाटत होतं. थेंब पडावा आणि काहीच फुटू नये, तसं. मी विजयाने सानिकाकडे बघितलं. आता बोल. आता म्हण नारळ नव्हता.

बोट बंद पडली होती किंवा लांब गेली होती. हर्षदचा हात तसाच वर होता, पण तो मोबाईलमध्ये बघत नव्हता. रघूने बशी खाली ठेवली, घाईघाईने पायाने चपला चाचपू लागला. त्याला त्या सापडेनात, इतक्या नीट ठेवलेल्या असून.

"सानिका, ऊठ. गाडी चुकेल. ऊठ, बाय."

ती उठली नाही. "आजोबा, थांबा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, शाळेत उत्तर जुळत नाही तेव्हा विचारतात तसं, "आमच्या आजीचं नाव चिमा. आणि माझे बाबा धरून तिला तेव्हा चार पोरं होती. ही गोदा कोण?"

मी जनीकडे बघितलं. ती म्हणेल, मग काय झालं, काका? आणि मी काहीतरी सांगेन, दिल्लीचं, फूटपट्टीचं, काहीही. माझ्या तोंडात ते तयारही झालं होतं. जनीने स्टो बारीक केला. गाळणं बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून तिने माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"खोटं, काका," ती म्हणाली. "नारळ तुम्ही फोडलात."